उलटलेल्या गायी खोडू नकोस

तुझा मेसेज सकाळी वाचला. ६१२ गायींचा डेटा, त्यातल्या ५८ पुन्हा व्यायल्याच नाहीत, दोन वेतांमधलं अंतर निघत नाही म्हणून गाईड म्हणतात काढून टाक, डेटा क्लीन कर. काढल्या की रिझल्ट पण झकास येतो म्हणतेस. आणि वर मला विचारतेस, सर काढू का? अगं, काढायच्याच असत्या तर तू विचारलंच नसतंस.

नको काढूस. पत्र इथेच संपलं असतं खरं तर, पण या बाबतीत माझ्याकडेच थकबाकी आहे म्हणून लिहितोय.

माझ्या पीएचडीला मी हेच केलं. फार्मवरच्या संकरित गायी, एचएफ म्हणजे होल्स्टीनचं रक्त किती आणि व्यायल्यावर गाभण राहायला दिवस किती, हा विषय. गोठ्यातल्या ओलीने फुगलेली रजिस्टरं, त्यात ११७ नंबरची गाय, काळी, कपाळावर टिळा, दिवसाला २२ लिटर. तिच्या पानावर भरवल्याच्या, म्हणजे कृत्रिम रेतनाच्या, ७ तारखा, प्रत्येकीपुढे 'उलटली', म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, आणि शेवटी लाल शाईत 'विक्री'. त्यातल्या ४ वेळा मी स्वतः भरवलं होतं तिला, पहाटे माजाची काचेसारखी बळस बघायची, संध्याकाळी भरवायची, गोठवलेल्या वीर्याची स्ट्रॉ ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट, सगळं नियमाने, तरी उलटलीच. आणि माझ्या थिसिसमध्ये ती गायच नाही. तिच्यासारख्या अजून ३४ नाहीत. कारण दिलं 'अपूर्ण नोंदी'. अपूर्ण कसल्या डोंबलाच्या, ७ तारखा होत्या तिथे!

आता माझी पण बाजू ऐक. कॅल्क्युलेटरवर गणितं करायचो आम्ही, सेन्सर्ड डेटा, म्हणजे शेवट कळायच्या आधीच तुटलेल्या नोंदी, हा शब्दसुद्धा कुणी कानावर घातला नव्हता, आणि मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. पण निष्कर्ष काय निघाला, तर एचएफ रक्त जास्त असलं तरी गायी वेळेवर गाभण राहतात. राहणारच ना, न राहिलेल्या मीच बाहेर काढल्या होत्या! आणि त्याच जोरावर दहा वर्षं शेतकरी मेळाव्यांत भाषणं ठोकली.

अमेरिकेत दुधामागे धावताना होल्स्टीनची गाभण राहायची क्षमता कित्येक दशकं घसरत गेली. हेरिटॅबिलिटी, म्हणजे गायीगायींतल्या फरकातला आनुवंशिक वाटा, जेमतेम ४ टक्के, जेनेटिक्सने काय होणार, असंच म्हणायचे लोक. २००३ पासून मुली गाभण किती पटकन राहतात यावरून वळूंचं मूल्यमापन सुरू झालं, आणि २५० दिवसांत गाभण न राहिलेली गाय त्यांनी फेकली नाही, २५० धरून हिशेबात ठेवली. घसरण थांबली.

त्याहून भारी गोष्ट चीफ नावाच्या वळूची. जन्म १९६२, मुली १६,०००, नातींच्या मुली २० लाखांवर. दूध भरपूर, पण त्याच्यात एक बिघडलेलं जीन होतं, आईबाप दोघांकडून आलं की गर्भ पोटातच मरतो. गोठ्यात काय दिसणार, गाय उलटली, बस. २०११ साली व्हॅनरेडन आणि सहकाऱ्यांनी ते पकडलं कशावरून? हजारो जनावरांच्या जिनोटाइपमध्ये, म्हणजे जनुकांच्या नोंदींत, दोन्हीकडून तोच तुकडा आलेली जी जनावरं हिशेबाने असायला हवी होती आणि एकही सापडलं नाही, त्यावरून. न जन्मलेल्या वासरांवरून, पोरी! आणि तू जन्मलेल्या गायी खोडायला निघालीस. ११७ ला तेच होतं असं मी म्हणत नाही. कळायला मार्गच नाही, तिच्या बापाचा नंबर रजिस्टरात होता, मी उतरवूनसुद्धा घेतला नाही.

आता कामाचं. सर्व्हायव्हल मॉडेल लाव, म्हणजे गाभण न राहिलेली गायही जितके दिवस पाहिली तितके दिवस हिशेबात राहते, ५८ च्या ५८ आत. पण गाभण राहत नाही म्हणून विकली आणि पैशाची नड होती म्हणून विकली, या दोन वेगळ्या गायी आहेत, दोघींना एकच कोड देऊन सेन्सर करशील तर परत तिथेच येशील. गोहत्याबंदी आहे, त्यामुळे भाकड गाय कुठे गेली विचारलं की शेतकरी 'विकली' म्हणून विषय बदलतो. खोदून विचारू नकोस, उगाच लाज काढू नकोस कुणाची. गेली कधी, शेवटची भरवली कधी, वळू कुठला, एवढंच घे.

गाईड चिडतील, चिडू देत. दोन टेबलं कर, ५८ सकट आणि ५८ शिवाय, आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेव, वाद घालू नकोस. तुझा स्वभाव बघता वाद घालशीलच, माझा पण तसाच होता, पण नेमका त्या एका वेळी मी गप्प बसलो.

शनिवारी यादी घेऊन ये, कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासकट. त्याआधी बघ, स्ट्रॉवरचे वळू नंबर सगळ्यांचे आहेत का. नसतील तर त्या कृत्रिम रेतन करणाऱ्या एआयवाल्यांना आजच फोन लाव, दिवाळीची साफसफाई आली की जुन्या वह्या रद्दीत जातात.