उचल फिटत नाही तोवर

प्रश्न : आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी होणाऱ्या जाळ्यांच्या चोऱ्या, मारामाऱ्या आणि एचआयव्हीचा प्रसार यांविषयी वारंवार वाचनात येते. तेथील माशांना परदेशात मागणी असूनही मच्छीमार इतका असुरक्षित का? मासे कमी झाले, एवढेच कारण आहे काय?

उत्तर : मासे कमी झाले हे खरे, परंतु ते कारण मी पहिले मानणार नाही. 1950 आणि 1960च्या दशकांत या सरोवरात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला. 1980च्या दशकात तो भरमसाट वाढला, काठावर प्रक्रिया कारखाने उभे राहिले, माल युरोपला जाऊ लागला आणि दूरदूरची माणसे मासेमारीसाठी येऊन वसली. पैसा आला, पण ज्यांच्याकडे होडी, इंजिन आणि बर्फ होता त्यांच्याकडे. खलाशाच्या वाट्याला इंधन, शिधा आणि मालकाचा हिस्सा वजा जाता उरेल ते येते.

पहाटेचा सौदा पाहिला की बाकीचे उलगडते. मासा दुपारपर्यंत टिकणार नाही, हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. बर्फ व्यापाऱ्याच्या गाडीत असतो, बहुधा तराजूही त्याचाच असतो, आणि जाळ्यासाठी उचलही त्यानेच दिलेली असल्यामुळे दुसऱ्याकडे भाव विचारण्याची सोय उरत नाही. अशा उचलीवर घेतलेले जाळे रात्री मैलोगणती पाण्यात राखणीविना पसरलेले असते. ते चोरीला गेले तरी उचल तशीच राहते; मग संशय, झडती आणि हाणामारी यांना वेळ लागत नाही.

काठावर मासे घेऊन विकणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. केनियाच्या बाजूला ‘जाबोया’ नावाची रीत आहे : मासा मिळण्याची खात्री हवी असेल, तर पैशांखेरीज मच्छीमाराशी शरीरसंबंधही ठेवावा लागतो. याला अनीती म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु होडी पुरुषाची, मासा अपुरा आणि घरी खाणारी तोंडे, या हिशेबात त्या स्त्रीच्या हाती दुसरे चलनच नसते. एचआयव्हीची वाट येथूनच जाते.

बंदोबस्ताचाही फटका गरिबालाच बसतो. युगांडाने 2017 पासून सरोवरावर सैन्य उतरवले. 28 फुटांहून लहान होड्या बेकायदा ठरवून जप्त केल्या, जाळल्या. माशांची पिलावळ वाचवणे आवश्यकच आहे, मात्र लहान होडी असते ती मोठी घेण्याची ऐपत नसलेल्याचीच. (सरहद्दीच्या तंट्यांचेही तसेच : मिगिंगो या चिमुकल्या बेटावर केनिया आणि युगांडा दोघेही हक्क सांगतात, आणि अटक होते ती मच्छीमाराला.)

केनियाच्या काठी काही स्त्रियांनी बचतगटासारखे एकत्र येऊन स्वतःच्या होड्या मिळवल्या आणि खलाशी मजुरीवर ठेवले, तेव्हा मासे कोणाला द्यायचे हे त्या ठरवू लागल्या. पुढे 2020 मध्ये सरोवराची पातळी विक्रमी वाढली आणि त्यांच्यापैकी काही जणींची घरेच पाण्याखाली गेली.