करमहसूल ‘तिप्पट झाला’ की ‘तिपटीने वाढला’?

एका वाचकाने असे विचारले आहे की, केंद्र सरकारचा करमहसूल दहा वर्षांत ‘तिप्पट झाला’ असे एका ठिकाणी आणि ‘तिपटीने वाढला’ असे दुसऱ्या ठिकाणी वाचायला मिळाले. या दोन्हींचा अर्थ एकच आहे का, आणि कर म्हणजेच महसूल असेल तर ‘करमहसूल’ असा जोडशब्द कशासाठी? प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण आकडा नेमका कशाचा हे ठरल्याशिवाय तो किती वाढला हे बोलण्यात अर्थ नाही.

‘महसूल’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘हाती आलेले, प्राप्त झालेले’ असा आहे. त्याच धातूपासून झालेला ‘तहसील’ म्हणजे गोळा करणे, आणि ते काम ज्याच्याकडे तो तहसीलदार. ‘आता रडून काय हशील?’ या वाक्यातला ‘हशील’ हाही याच घराण्यातला. ‘वसूल’ मात्र कानाला जवळचा वाटला तरी वेगळ्या धातूचा आहे; त्याच्या मुळाशी ‘पोहोचणे’ हा अर्थ आहे. ‘कर’ हा संस्कृत शब्द देणाऱ्याच्या बाजूने बोलतो, तर महसूल घेणाऱ्याच्या तिजोरीकडे पाहून बोलतो, आणि हा फरक या शब्दांसोबत येणाऱ्या क्रियापदांत स्पष्ट दिसतो. कर बसतो, लावला जातो, भरला जातो, चुकवला जातो; महसूल मिळतो, जमा होतो, बुडतो.

यावर कोणी म्हणेल की, आमच्या गावात लोक ‘महसूल भरला’ असेही म्हणतात. ते खरे आहे, पण तिथे महसूल म्हणजे जमीन महसूल, म्हणजेच शेतसारा. महाराष्ट्रात हा शब्द शासनव्यवहारातही जमिनीला चिकटून राहिला आहे. ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६’ हा कायदा, १ ऑगस्टला सुरू होणारे महसूल वर्ष, आणि २०२४ मध्ये तलाठ्याला मिळालेले ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे नवे पदनाम, या सगळ्यांत महसूल म्हणजे मुख्यतः जमीन आणि तिच्या नोंदी. त्यामुळे राज्याचा महसूलमंत्री आणि केंद्राचा महसूल सचिव यांच्या नावांत शब्द एकच असला, तरी पहिल्याच्या टेबलावर सातबारा येतो आणि दुसऱ्याच्या टेबलावर प्राप्तिकर, सीमाशुल्क आणि जीएसटी. राज्यातला वस्तू व सेवा कर विभाग तर महसूल खात्याखाली नसून वित्त विभागाखाली आहे. शब्द ऐकून खाते शोधायला निघालेला माणूस चुकीच्या दारात उभा राहतो, त्यात त्याचा दोष नाही.

अर्थसंकल्पाच्या भाषेत मात्र महसूल हा शब्द आपला मूळचा व्यापक अर्थ राखून आहे. महसुली जमेचे दोन भाग पडतात: करातून येणारा तो करमहसूल आणि लाभांश, व्याज, दूरसंचार कंपन्यांकडून मिळणारे स्पेक्ट्रमचे शुल्क वगैरेंतून येणारा तो करेतर महसूल. रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ या वर्षासाठी केंद्राला २,१०,८७४ कोटी रुपयांचे अधिशेष हस्तांतरित केले, ती रक्कम महसूल खरी, पण कर नव्हे. म्हणून ‘करमहसूल’ या शब्दात द्विरुक्ती नाही. संस्कृत आणि अरबी शब्दांचा हा समास काहींना खटकतो, पण मराठीने असे संसार पुष्कळ थाटले आहेत आणि ते सुखाने चालले आहेत.

आता करमहसुलाच्या आकड्याला लागणारी दोन विशेषणे. ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ ही हिशेबाच्या वहीतली जोडी आहे. बोलण्यात आपण ‘ढोबळमानाने’ म्हणतो तेव्हा अर्थ ‘अंदाजे’ असा असतो, आणि त्यामुळे ‘ढोबळ करमहसूल’ वाचून तो आकडा अदमासे काढलेला असावा असा समज होतो. तसे मुळीच नाही. ‘ढोबळ नफा’ यात जो ढोबळ आहे तोच इथे आहे: वजावटीपूर्वीचा. २०२३-२४ मध्ये केंद्राचा ढोबळ करमहसूल ३४.६५ लाख कोटी रुपये होता. त्यातून सुमारे ११.२९ लाख कोटी रुपये राज्यांच्या वाट्याला आणि थोडी रक्कम आपत्ती निधीला गेल्यावर केंद्राकडे निव्वळ २३.२७ लाख कोटी रुपये उरले. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवला असताना ढोबळ आकड्याशी ताडून पाहता तो एक तृतीयांशाच्या आतच का भरतो, याचे कारणही दोन शब्दांत आहे: उपकर (सेस) आणि अधिभार (सरचार्ज). यांतून येणारा पैसा वाटपाच्या राशीत धरला जात नाही. त्यामुळे ‘केंद्राचा करमहसूल’ एवढेच लिहिणाऱ्याने ढोबळ की निव्वळ हे सांगितले नाही, तर वाचकाच्या हाती दहा लाख कोटींहून अधिक रुपयांचा गोंधळ येतो.

याच ओघात ‘जीएसटी संकलन’ या शब्दाबद्दलही सावध असावे. एप्रिल २०२४ मध्ये ते २.१० लाख कोटी रुपये झाले, तेव्हा हा सगळा पैसा केंद्राचा असल्यासारखे बोलले गेले. पण या आकड्यात केंद्राचा आणि राज्यांचा असा दोन्हींचा कर असतो, आणि परतावे देण्यापूर्वीचा तो आकडा असतो. संकलन आणि महसूल यांना पर्यायी शब्द मानू नये.

मुख्य प्रश्नाकडे वळतो. २०१३-१४ मध्ये ढोबळ करमहसूल ११.३९ लाख कोटी रुपये होता आणि २०२३-२४ मध्ये ३४.६५ लाख कोटी. भागाकार केला तर ३.०४ येतात. म्हणजे तो ‘तिप्पट झाला’, याबद्दल वाद नाही. पण वाढ किती झाली? २३ लाख कोटींहून थोडी अधिक, म्हणजे मूळ रकमेच्या दुपटीएवढी, टक्क्यांत सांगायचे तर सुमारे २०४ टक्के. मराठीत तृतीयेचा ‘-ने’ किंवा ‘-नी’ प्रत्यय तफावतीचे माप सांगतो. ‘भाव पाच रुपयांनी वाढला’ यात पाच रुपये ही वाढ आहे, नवा भाव नव्हे. ‘महसूल १३ टक्क्यांनी वाढला’ यातही १३ टक्के ही वाढ आहे. याच नियमाने पाहिले तर ‘तिपटीने वाढला’ म्हणजे मूळच्या तिप्पट भर पडून तो चौपट झाला, आणि आपल्या उदाहरणातला महसूल ‘दुपटीने वाढला’ असे म्हणावे लागेल.

तरीही बहुसंख्य लोक ‘तिपटीने वाढला’ म्हणताना ‘तिप्पट झाला’ हेच मनात धरतात, आणि त्याला केवळ गणिताचे अज्ञान म्हणून सोडून देणे मला पटत नाही. ‘-ने’ हा प्रत्यय माप सांगतो तसाच रीतही सांगतो: ‘वेगाने वाढला’, ‘जोमाने वाढला’. ‘त्याने दुपटीने काम केले’ या वाक्यात दुप्पट काम झाले असेच आपण समजतो; आधीचे एक आणि वर आणखी दोन अशी बेरीज कोणी करत नाही. ‘तिपटीने वाढला’ म्हणणारा हाच रीतीचा अर्थ महसुलाला लावतो. म्हणजे प्रयोग अशुद्ध नाही, दुहेरी आहे. गप्पांत तो चालतो. आकडेवारी सांगताना मात्र तो टाळावा आणि ‘तिप्पट झाला’ किंवा ‘२०४ टक्क्यांनी वाढला’ असे लिहावे. पट जितकी मोठी तितका हा वाद फिका पडतो, हेही खरे. १९५०-५१ मधील सुमारे ४०५ कोटी रुपयांच्या तुलनेत २०२३-२४ चा आकडा साडेआठ हजार पटींच्या घरात जातो. तिथे एक पट इकडे की तिकडे, याची कोणी फिकीर करणार नाही.

असे आकडे चालू किमतींचे, म्हणजे भाववाढ वजा न केलेले असतात, हे सांगणारा शब्द बहुतेक वेळा वाक्यातून गळलेला असतो. महसूल तिप्पट झाला त्याच दहा वर्षांत चालू किमतींनुसार सकल देशांतर्गत उत्पादनही अडीच पटींच्या पुढे गेले, म्हणजे तिपटीतला मोठा भाग अर्थव्यवस्थेच्या आणि भाववाढीच्या खाती जातो. कराचे या उत्पादनाशी प्रमाण दहा टक्क्यांच्या किंचित वरून साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आले. याला कोणी ‘दीड टक्क्याने वाढले’ म्हणतो, कोणी ‘पंधरा टक्क्यांनी वाढले’ म्हणतो, आणि दोघांचेही गणित आपापल्या जागी जुळते. अशा वेळी ‘दहावरून साडेअकरा टक्क्यांवर गेले’ अशी दोन्ही टोके सांगणारी साधी रचना सर्वांत निर्धोक.

शेवटी ‘उणे वाढ’ किंवा ‘नकारात्मक वाढ’. २०१८-१९ मधील २०.८० लाख कोटींवरून ढोबळ करमहसूल २०१९-२० मध्ये २०.१० लाख कोटींवर आला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी २२ टक्क्यांवर आणला गेला होता, हे त्यामागचे एक कारण. मराठीत याला ‘घट’ हा दोन अक्षरांचा शब्द आहे. महसूल सुमारे ३.४ टक्क्यांनी घटला, एवढे पुरे. उलट २०२१-२२ मध्ये, आधीच्या वर्षाची पातळी खाली असल्यामुळे, वाढ जवळपास ३४ टक्के दिसली आणि २०२२-२३ मध्ये ती १३ टक्क्यांच्या आत आली. याला ‘महसूलवाढीत घट’ म्हटले तर व्याकरण बिनचूक राहते, पण घाईने वाचणाऱ्याच्या मनात ‘महसुलात घट’ एवढेच उरते, आणि प्रत्यक्षात त्या वर्षी महसूल २७.०९ लाख कोटींवरून ३०.५४ लाख कोटींवर गेला होता. तिथे ‘महसूलवाढ मंदावली’ असे लिहावे. जाता जाता लेखनाबद्दल: समासात ‘महसूलवाढ’ असा सू दीर्घ राहतो, प्रत्यय लागला की ‘महसुलात’, ‘महसुलाचा’ असा ऱ्हस्व होतो, ‘महसूलात’ हे रूप सर्रास छापले जात असले तरी नियमाला धरून नाही.