हातातून गेलेले फोन

सप्रेम आशीर्वाद.

हातातला फोन चार वर्षांचा झाला आहे, तो चालतो आहे, तरी आता नवा घ्यावा का आणि घ्यायचा तर कोणता, असे तू विचारले आहेस. कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे तुझ्या बरोबरीचे लोक माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मी तुला वेगळे काही सांगू शकते, कारण माझ्या हातून आजवर बरेच फोन गेले आहेत आणि त्यांतला प्रत्येक का गेला, हे मला नीट आठवते. फोन घेताना आपण कॅमेरा, पडद्याचा आकार, रंग आणि वेग पाहतो. पण यांपैकी कशाहीपायी माझा एकही फोन निकामी झालेला नाही. बाद होण्याचे कारण दर वेळी भलतेच निघाले. म्हणून नवे काय आले आहे ते पाहण्याआधी जुने कसे गेले ते पाहा, असे मी तुला सुचवते. तुझे अजून दोन-तीनच फोन झाले असतील, तेव्हा माझे अनुभव उसने घे.

माझा पहिला फोन नोकिया 3310 होता. 2000 साली बाजारात आलेल्या या फोनचे वजन 133 ग्रॅम होते आणि त्याचा पडदा 84 बाय 48 ठिपक्यांचा होता, म्हणजे सगळे मिळून जेमतेम चार हजार ठिपके. मागचे बटण दाबून झाकण सरकवले की बॅटरी दिसायची, ती नखाने उचलली की तिच्याखाली सिमकार्ड असायचे, आणि पुढचे आवरण काढले की कळांची रबरी पट्टी हातात यायची. ती पट्टी धुऊन, वाळवून परत बसवता येत असे. हे सारे मी हत्यार न घेता करत असे आणि त्यासाठी कुणाला विचारावे लागत नसे. यंत्राच्या आत हात घालण्याचे हे स्वातंत्र्य तुझ्या पिढीच्या वाट्याला जवळजवळ आलेच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा फोन कधीच बिघडला नाही. मी तो बाजूला ठेवला त्या दिवशीही त्यावर बोलता येत होते. आज मात्र जगातल्या अनेक ठिकाणी त्यात नवी बॅटरी घातली, तरी तो मुका राहील, कारण ज्या दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावर (म्हणजे टूजी नेटवर्कवर) तो चालायचा ते जाळेच तिथे बंद झाले आहे. अमेरिकेत एटी अँड टी या कंपनीने आपली टूजी सेवा 1 जानेवारी 2017 रोजी बंद केली; ऑस्ट्रेलियात टूजी आधीच गेले होते, आणि 2024 मध्ये तिथले थ्रीजीही गेले. कंपन्यांचीही बाजू समजण्यासारखी आहे, कारण रेडिओलहरींचा पट्टा मर्यादित असतो आणि जुन्या जाळ्याने अडवलेली जागा नव्या जाळ्याला हवी असते. पण त्यातून तुझ्या उपयोगाची गोष्ट अशी निघते की फोन कोणत्या पिढीचे आणि कोणत्या पट्ट्यांवरचे जाळे पकडतो, ही माहिती पेटीवर कितीही बारीक अक्षरांत छापलेली असली, तरी ती वाचावी. आवाजी कॉल फोरजीवरून करण्याची सोय, जिला व्होल्टी म्हणतात, ती तुझ्या सेवा कंपनीबरोबर त्या फोनवर चालते का, हेही पाहावे. तसे नसेल, तर जुनी जाळी बंद होतील त्या दिवशी फोनवर चित्रे दिसतील, पण साधा फोन लागणार नाही.

त्या काळातल्या संदेशांबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण फोन बदलताना सर्वांत जास्त नुकसान याच जागी होते. एका लघुसंदेशात 140 बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून 160 अक्षरे बसत. देवनागरीसाठी प्रत्येक खुणेला सोळा बिट लागतात, म्हणून मर्यादा थेट 70 वर येई. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त यांची जागा वेगळी मोजली जाते. ‘शुभेच्छा’ हा तीन अक्षरांचा शब्द त्या हिशेबात आठ जागा खातो. त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द तोलावा लागे, आणि बहुतेकांनी कंटाळून रोमन लिपी धरली. सिमकार्डावर तर मोजकेच संदेश मावत. पेटी भरली की पडद्यावर लिफाफ्याची खूण लुकलुकत राही, आणि जुना संदेश पुसल्याशिवाय नवा आत येत नसे.

या सक्तीमुळे एक चांगली सवय लागली. काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हे दर काही दिवसांनी ठरवावे लागे, आणि जे पुसवत नसे ते मी तारीख व पाठवणाऱ्याचे नाव घालून वहीत उतरवून ठेवी. माझ्या वडिलांनी धाडलेले चार-पाच शब्दांचे संदेश त्या वहीत आहेत. ‘पोचलो. पाऊस आहे. काळजी नको.’ एवढाच एक संदेश आहे, आणि तो वाचताना त्यांचे हळूहळू कळ दाबणे मला डोळ्यांपुढे दिसते. तुझ्या फोनमध्ये आज हजारो संदेश असतील. जागा भरपूर असल्यामुळे तू काही पुसले नसशील आणि त्यामुळे काही निवडलेही नसेल. सगळे साठलेले असणे आणि हवे ते सापडणे यांत फार अंतर आहे. वर्षातून एकदा बसून जवळच्या माणसांचे मोजके संवाद चॅट एक्सपोर्टने बाहेर काढावेत, त्यांचे आवाजी संदेश साध्या फाइलच्या रूपात संगणकावर आणि आणखी एका जागी ठेवावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते कुणी दुसरा तुझ्यासाठी करणार नाही.

नंतर माझ्याकडे कॅमेरा असलेला फोन आला. त्याची छायाचित्रे 640 बाय 480 ठिपक्यांची, म्हणजे तीन लाखांच्या आसपास ठिपक्यांची होती. आज ती पाहिली तर अंधूक वाटतात, तरी तेव्हा खिशात कॅमेरा असण्याचे अप्रूप खरोखर मोठे होते. हा फोन गेला तो जोडणीपायी. त्या काळी नोकियाची पॉप-पोर्ट वेगळी, सोनी एरिक्सनची फास्ट पोर्ट वेगळी, आणि सोनी एरिक्सनच्या अनेक फोनांत मेमरी स्टिक मायक्रो नावाचे असे कार्ड असे की जे इतर कुणी फारसे वापरतच नसे. माझ्या फोनची तार तुटली, तशी तार मिळेनाशी झाली, आणि चांगला चालणारा फोन व त्यातली छायाचित्रे दोन्ही अडकून पडली. तुझी यातून बरीचशी सुटका झाली आहे, कारण युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनांना यूएसबी-सी बंधनकारक केल्यावर जवळजवळ सगळ्यांनीच ती जोडणी स्वीकारली आहे. मात्र कपाटात पडलेल्या जुन्या फोनांतली चित्रे सुरक्षित आहेत, असे समजू नये. फोनची साठवण असलेल्या फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपून जातो. घरात कुणाचा असा फोन पडला असेल, तर तो चालू होतो आहे तोवरच त्यातले काढून घ्यावे.

2007 साली आयफोन आला, 2008 मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, आणि फोन बाद होण्याचे कारणच बदलले. माझा पहिला अँड्रॉइड फोन दिसायला अखेरपर्यंत नवाकोरा होता. दोन वर्षांच्या आत कंपनीने त्याला अद्ययावत आज्ञावली देणे थांबवले, मग एकेक अॅप ‘हे उपकरण चालणार नाही’ असे सांगू लागले, आणि शेवटी बँकेच्या अॅपनेही दार लावून घेतले. काच शाबूत, कॅमेरा शाबूत, आणि तरी फोन निरुपयोगी, हा अनुभव मला तेव्हा नवा होता. नंतर तो सगळ्यांच्याच ओळखीचा झाला. व्हॉट्सअॅपने 2017 मध्ये सिम्बियन या जुन्या प्रणालीवरच्या फोनांची साथ सोडली. ब्लॅकबेरीने 4 जानेवारी 2022 रोजी आपल्या जुन्या प्रणालीच्या सेवा बंद केल्या आणि त्या सुंदर कळफलकांच्या फोनांवरून कॉल लागण्याचीही खात्री उरली नाही.

म्हणून नवा फोन घेताना पहिला प्रश्न असा विचार की याला सुरक्षेची अद्यतने कोणत्या वर्षापर्यंत मिळणार आहेत. त्यातही मोजणी कधीपासून सुरू होते ते पाहा, कारण कंपन्या ती बहुधा तो फोन बाजारात आला त्या दिवसापासून धरतात. दोन वर्षांपूर्वी आलेला फोन तू आज स्वस्तात घेतलास, तर त्याच्या आयुष्याची दोन वर्षे आधीच सरलेली असतात. गूगलने 2023 च्या पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने 2024 च्या गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षांचे वचन दिले आहे. कॅमेऱ्याच्या आकड्यांपेक्षा मला हा आकडा कितीतरी मोलाचा वाटतो.

आता बॅटरीविषयी. 1983 मध्ये मंजुरी मिळालेला मोटोरोलाचा डायनाटॅक 8000एक्स हा हातात धरून बोलण्याचा पहिला विक्रीयोग्य फोन पूर्ण भरायला सुमारे दहा तास लागत आणि त्यावर बोलता येई जेमतेम अर्धा तास. तिथून आपण फार पुढे आलो, ते लिथियम-आयन बॅटरीमुळे; पण ही बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. साधारण पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर (म्हणजे पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावर) तिची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या घरात येते, असा ढोबळ हिशेब आहे, आणि नव्या फोनांत ती आणखी टिकते. उष्णता तिची मोठी वैरी आहे. शंभर टक्के भरून तासन्‌तास ठेवणेही तिला मानवत नाही, म्हणून सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर ती चालू कर. बॅटरी अधूनमधून पूर्ण रिकामी करावी, हा सल्ला तुला वडीलधारी मंडळी देतील. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे आणि लिथियमला अपायकारक आहे.

माझा याआधीचा फोन बॅटरीपायीच गेला. एका सकाळी पडद्याची एक कड किंचित उचललेली दिसली आणि फटीतून आतला उजेड बाहेर येत होता. बॅटरी फुगली होती. असे दिसले तर फोन ताबडतोब बंद करावा, चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये, आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी सांभाळून न्यावा. 3310 मध्ये जी बॅटरी मी नखाने उचलत होते, तीच आता सरसाने चिकटवलेली होती आणि तिच्यापायी सगळा फोन टाकावा लागला. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला बदलता यावी, अशी अपेक्षा आहे. काही अपवाद ठेवले असले, तरी ही दिशा मला योग्य वाटते आणि तिचा लाभ इतरत्रही पोचावा, अशी माझी इच्छा आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. सेटिंगमध्ये जाऊन तुझ्या फोनला शेवटचे सुरक्षा अद्यतन कोणत्या महिन्यात मिळाले, ते आजच पाहा. ते गेल्या दोन-तीन महिन्यांतले असेल आणि फोन फोरजीवरून बोलू देत असेल, तर नवा घेऊ नकोस. बॅटरी तेवढी बदलून घे. तुझा फोन मंद वाटतो, असे तू लिहिले आहेस. थकलेल्या बॅटरीला एकदम जास्त वीज देता येत नाही, म्हणून काही फोन आपला वेग मुद्दाम कमी करतात. नव्या बॅटरीने तोही सुधारू शकतो. साठवण काठोकाठ भरली असली, तरी फोन रेंगाळतो. शिवाय फोनमुळे पर्यावरणावर जो भार पडतो, त्यातला बहुतांश भाग तो तयार होतानाच पडून गेलेला असतो. तेव्हा हातातला फोन आणखी तीन वर्षे वापरणे, हे तुझ्या माझ्या हाती असलेले सर्वांत मोठे काम आहे. अद्यतने थांबली असतील तर मात्र रेंगाळू नकोस, कारण त्याच फोनवर तुझी बँक आहे.

आणि फोन द्यायची वेळ आलीच, तर घाई करू नकोस. नवा आल्यावर किमान पंधरवडाभर जुना पुसू नये. ओटीपी तयार करणारे अॅप असेल, तर त्यातल्या गुप्त कळा, म्हणजे ज्यांवरून ओटीपी तयार होतात ते संकेत, आधी नव्या फोनवर न्याव्यात. काही अॅप त्या फक्त त्याच उपकरणावर ठेवतात आणि मग आपल्याच खात्याबाहेर उभे राहण्याची वेळ येते. संवादांची प्रत घेतल्यावर ती नव्या फोनवर खरोखर उघडते का, हे पाहावे. मग जुन्या फोनमधून आपले खाते काढावे, नाहीतर चोरीपासून वाचवणारे कुलूप पुढच्या माणसालाही आत येऊ देणार नाही; आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करावे. 2015 च्या आधीचा अँड्रॉइड असेल, तर त्यातली साठवण सांकेतिक (एन्क्रिप्ट) केलेली असेलच असे नाही, म्हणून रीसेटच्या आधी सेटिंगमधून ती सांकेतिक करून घ्यावी. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड बाहेर काढल्याची खात्री मात्र सर्वांत शेवटी, फोन समोरच्याच्या हातात देण्यापूर्वी, आणखी एकदा करावी.

अद्यतनाचा महिना पाहिलास की मला कळव. तो जुना निघाला, तर कोणते दोन-तीन फोन तुझ्या मनात आहेत ते लिही. त्यांची अद्यतने कोणत्या वर्षापर्यंत आहेत आणि बॅटरी किती सहज बदलता येते, हे आपण मिळून पाहू.

तुझी हितचिंतक