दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांमधे देवीची पूजा परत कशी सुरू झाली, त्यात वैदूंचा काय रोल?

रोल मोठा आहे. सांगोमा म्हणजे पूर्वजांचा कौल घेऊन निदान करणारे झुलू वैदू, यात बायका जास्त. देवी नोमखुबुलवाने, पावसापाण्याची आणि पिकांची. पूर्वी मुली तिच्या नावाने शेताचा तुकडा पेरायच्या आणि त्या दिवशी पुरुषांचे कपडे घालून गुरंसुद्धा त्याच चारायला न्यायच्या, एरवी ते पोरांचं काम, मला हा भाग फार आवडतो. मिशनरी आल्यावर हे मागे पडलं. मग १९९० च्या दशकात तिथल्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात नोमागुगु न्गोबेसे या सांगोमा बाईंनी सण पुन्हा सुरू केला, पण तेव्हा एड्स पसरत होता म्हणून मुलींची कौमार्य चाचणीही त्याला जोडली गेली, हे अजिबात पटत नाही, ओझं मुलींवरच का? तिथल्या २००५ च्या बालकायद्याने १६ वर्षांखालच्या मुलींच्या चाचणीवर बंदी घातली.