तिसऱ्या अंकात आवाज का बसतो?

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरात पॉवरलूम आहेत. गाण्याच्या परीक्षांमधलं मध्यमा पूर्ण झालंय. हौशी मंडळाच्या ‘संगीत सौभद्र’मध्ये सुभद्रा करते. घरी दीड तास रियाज केला तरी काही होत नाही, प्रयोगात मात्र तिसऱ्या अंकापर्यंत गळा बसतो. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं असं वाटतं. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दीड तासाच्या रियाजाला गळा साथ देतो, म्हणजे गाण्यात खोट नाही. गळा बसतो तो बोलण्यानं.

‘घरात पॉवरलूम आहेत’ हे तू सहज लिहून गेलीस, पण मला उत्तर तिथंच सापडलं. मागांच्या खडखडाटात स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारायची तर आवाज चढवावाच लागतो. लहानपणीची ही सवय माग बंद असले तरी सुटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तुमच्या भागातल्या मुलींना मी म्हणूनच आधी बोलायला शिकवते, सा नंतर.

पेटी काढ. तुझी पट्टी, म्हणजे तुझा सा, काळी चारवर (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर) धरू. शेजारच्या खोलीतून कुणी विचारलं, ‘जेवलीस का?’ तर सहज ‘हं’ म्हणशील, तो सूर पेटीवर शोध. तो सा च्या आसपासच सापडेल. मग सुभद्रेचं एखादं रागाचं वाक्य म्हणून बघ. बहुतेक पंचमावर, म्हणजे सा वरून पार प वर गेलेलं असेल. दोन अंक तिथं बोललीस की पदासाठी गळ्यात काय उरणार? राग शब्दांच्या फेकीत दाखव, पट्टी चढवू नकोस. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नटालाच पोचवावा लागे. आज तुमच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात माईक आहे, त्याच्यावर विश्वास ठेव. आणि पदाआधीच्या वाक्याचा शेवटचा शब्द पदाच्या सुराजवळ आणून सोड. गळ्याला झटका बसत नाही आणि प्रेक्षकालाही गाणं बोलण्यातूनच उमललेलं वाटतं.

मी हे फार उशिरा शिकले. सव्विसाव्या वर्षी दौऱ्यावर होते, अंगात ताप होता, तरी ठेकेदारानं प्रयोग रद्द केला नाही. रात्री पदाच्या मध्यावरच आवाज गेला. स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. डॉक्टरांनी मौन सांगितलं, तर मी आठवडाभर कुजबुजत राहिले, आणि त्यानंही गळ्यावर ताण येतो हे त्यांच्याकडूनच कळलं. पुढं चार महिने एका वाचोपचार (स्पीच थेरपी) करणाऱ्या बाईंकडे बोलायचे धडे घेतले, तेव्हा कुठं तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, परत लागला.

प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत राहा. विंगेतल्या घोटानं घसा ओला होतो, पण पाणी थेट स्वरतंतूंना लागत नाही. ते आधी अंगात मुरावं लागतं. आपल्या मे महिन्यात तर हे विसरूच नकोस.

नोकरी सोडू नकोस. संगीत नाटकानं मला सगळं दिलं, घरभाडं मात्र शिकवण्यांनीच भरलं. संध्याकाळी दोन-तीन मुलं घे. पण प्रत्येक ओळ स्वतः गाऊन दाखवू नकोस, पेटीवर दाखव. राज्य हौशी संगीत नाट्य स्पर्धेत मंडळासोबत उतर.

पुढच्या तालमीत पहिला अंक मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि फक्त गद्य ऐक. प्रत्येक प्रवेशात तू कुठल्या सुरावर बोलतेस ते लिहून मला पाठव.