भारी स्मार्टवॉच की चावीचं घड्याळ?

अरे,

तुझा मेसेज वाचला. घड्याळ घ्यायचंय आणि मेकॅनिकल घ्यावं की ते लक्झरी स्मार्टवॉच, यावर तू महिनाभर व्हिडिओ बघत बसलायस.. आधी ते बंद कर.

अचूक वेळ हवी असेल तर मेकॅनिकल घेऊच नको, सरळ सांगतो. क्रोनोमीटर सर्टिफिकेट (अचूकतेची परीक्षा पास झाल्याचं) असलेलं घड्याळ पण दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे नाहीतर ६ सेकंद पुढे गेलं तरी पास धरतात, साधं बॅटरीवरचं क्वार्ट्झ त्याला आरामात हरवतं. पण मेकॅनिकलच्या आतली स्प्रिंग हळूहळू उलगडते, एस्केपमेंट नावाची यंत्रणा तिचा जोर थोडा थोडा सोडते, बॅलन्स व्हील नावाचं चाक मागे-पुढे झुलत राहतं, बऱ्याच घड्याळांत तासाला २८,८०० ठोके म्हणजे सेकंदाला ८, आणि हे सगळं बॅटरीशिवाय! मागे काच असलेलं घड्याळ पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी भर मीटिंगमध्ये ते उलटं धरून बसलो होतो.

आता लक्झरी स्मार्टवॉच. २०१५ ला ॲपलने १८ कॅरेट सोन्याचं घड्याळ काढलं, किंमत १०,००० डॉलरपासून पुढे, आत मशीन मात्र तेच जे त्यांच्या ॲल्युमिनियमवाल्यात होतं. २०१८ ला वॉचओएस ५ (ॲपलच्या घड्याळांचं सॉफ्टवेअर) आलं आणि त्याला अपडेट बंद. सोनं तसंच चकचकीत, आतलं डोकं म्हातारं. त्याच २०१५ ला टॅग हॉयर या घड्याळ कंपनीने स्मार्टवॉच आणलं तेव्हा ऑफरच अशी होती की दोन वर्षांनी वर पैसे भर आणि मेकॅनिकल घेऊन जा, म्हणजे कंपनीलाच अंदाज होता बघ.

त्यामुळे ईसीजी, झोप, नोटिफिकेशन याचा खरंच उपयोग असेल तर साधं स्मार्टवॉच घे, बॅटरी दमली की घड्याळच बदल, वाईट वाटणार नाही. नुसतं मिरवायला महागडं नको.

मेकॅनिकल घेतलंस तर सर्व्हिसिंगचा खर्च आधीच विचार, दर काही वर्षांनी तो येणारच. अचानक फास्ट पळायला लागलं तर घाबरू नको, बहुतेक वेळा स्पीकर किंवा बॅगेच्या मॅग्नेटचा प्रताप असतो, डीमॅग्नेटाइज करायला दोन मिनिटं लागतात. आणि रात्री ९ ते पहाटे ३ मध्ये तारीख बदलायची नाही! त्या वेळात बऱ्याच घड्याळांची तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, मी ११ वाजता घाईत फिरवली आणि चाकाचा दाता तुटला, महिनाभर घड्याळ दुरुस्तीला.

मॉडेल ठरलं की मनगटाचं माप पण पाठव, ४४ एमएम व्यासाचं बघतोयस म्हणालास, हातावर बशी ठेवल्यासारखं दिसेल.