साध्या स्टॉक (काही बदल न केलेल्या) गाड्यांत ड्रॅगमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीत, मॅन्युअल पुढे पळेल की ऑटोमॅटिक?

भावा, आधी 'ऑटोमॅटिक' म्हणजे नक्की कुठली ते बघ. एएमटी असेल तर विषयच संपला. आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं मशीन करतं, आणि प्रत्येक गिअरला ओढ तुटते. मॅन्युअलवाला हात बसलेला असेल तर सहज पुढे जाईल.

टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी ऑटोमॅटिक) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचवाली ऑटोमॅटिक) यांची गोष्ट वेगळी. ड्रॅगचं नेहमीचं अंतर पाव मैल म्हणजे 402 मीटर, आणि त्यातला खरा खेळ पहिल्या वीस मीटरचा. गाडी सुटताना कन्व्हर्टर इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवून चाकाला देतो. टर्बो गाडीत डाव्या पायाने ब्रेक धरून थोडा बूस्टही (टर्बोचा हवेचा दाब) भरता येतो (बऱ्याच नव्या गाड्या हे करू देत नाहीत). ड्युअल क्लचमध्ये पुढचा गिअर आधीच तयार असतो. मॅन्युअलमध्ये क्लच जरा पटकन सोडला की पुढची चाकं जागेवर फिरतात, हळू सोडला की इंजिन दबतं. शिवाय ऑटोमॅटिक दर वेळी जवळपास तोच टाइम देते. माणसाचा हात देत नाही.

म्हणून नवख्याने ऑटोमॅटिकच घ्यावी. मजा मात्र मॅन्युअलमध्ये, यात वाद नाही.

आणि हे उचगावच्या हायवेवर रात्री करून बघू नकोस. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 189: दंड 5000 रुपयांपर्यंत, कैदही होऊ शकते. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्यात, तसल्या ठिकाणी नाव नोंदव.